पाचवं वर्ष लाकडाचं

ताई,

आणखी सात आठवड्यांनी आमच्या लग्नाला पाच वर्षं होतील. पहिल्या वर्षी कागद, दुसऱ्या वर्षी सूत, तिसऱ्या वर्षी चामडं अशी जी भेटींची यादी असते, ती आम्ही दोघांनी सुरुवातीला गंमत म्हणून धरली आणि मग सोडवेना. पहिल्या वर्षी मी तिला हाताने पत्र लिहिलं. दुसऱ्या वर्षी सुती रुमालावर तिच्या नावाचं अक्षर भरलं, तीन संध्याकाळ खपलो. "छान आहे" म्हणाली आणि रुमाल कपाटात गेला. परत कधी दिसला नाही. त्यानंतरची दोन वर्षं मी विकतच आणलं. ती स्वतः फार सुंदर शिवते, रोज रात्री मशीनवर बसते. तिच्या कामापुढे माझं काम बघवत नाही. यंदा लाकूड आहे. छोटी पेटी करावी किंवा फोटोची चौकट, असं मनात येतं, पण मी आजवर साधा खिळा सरळ ठोकलेला नाही. जमेल का? की विकतच आणू?

नाव छापू नये.

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रुमालापाशी थांबले. काम वाकडं होतं म्हणून तो कपाटात गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. नवऱ्याने तीन संध्याकाळ बसून भरलेला रुमाल घाम पुसायला कोण काढेल? एक डाग पडला, एक टाका सुटला, तर तसा दुसरा आणायचा कुठून? जपायची वस्तू माणूस जपतं, म्हणजे घडी घालून आत ठेवतं. भरतकाम नजर लागण्यासारखं झालं असतं तरी रुमाल तिथेच गेला असता, बहुतेक आणखी आतल्या कप्प्यात.

म्हणून यंदा बघायची वस्तू करू नका. तुमच्या पत्नीच्या कामात रोज हाताशी लागेल, पडली तरी फुटणार नाही आणि वापरून वापरून गुळगुळीत होईल, अशी करा. तुमच्यासारख्या नवख्या माणसाला यात मोठी सोय आहे. शोभेच्या वस्तूतली प्रत्येक चूक समोर दिसते. कामाच्या वस्तूला काम करता आलं की पुरे.

पेटी आणि चौकट, दोन्हींचा नाद सोडा. चौकट दिसते सोपी, पण तिचे चार कोपरे म्हणजे ४५ अंशांचे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्याच अंशाने एका बाजूला चुकत गेला, तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची फट उरते. लांबी (पुट्टी) भरून ती बुजवली तरी नजर नेमकी तिथेच जाते. पेटीचं दुखणं निराळं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि तसं ते आपल्या अंगावरच्या रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं. रेषांच्या दिशेने मात्र ते जवळजवळ हलत नाही. तळाची फळी चारी बाजूंनी गच्च चिकटवली, तर हवा बदलल्यावर ती तडकते किंवा बाजूच्या फळ्यांना ढकलते. मुरलेला सुतार ती फळी खोबणीत मोकळी सोडतो. हे शिकता येतं, पण पहिल्याच वस्तूत आणि तारखेचं ओझं डोक्यावर घेऊन शिकू नये.

काय करायचं, ते तुमच्याच पत्रात आहे. त्या रोज रात्री मशीनवर बसतात. शिवणाऱ्यांच्या हत्यारांत एक अगदी साधी चीज असते, शिवण दाबायचा लाकडी ठोकळा. क्लॅपर या नावाने ती विकतही मिळते. जाड कापडाची शिवण उलगडून तिच्यावर वाफेची इस्त्री फिरवली, तरी इस्त्री उचलल्या उचलल्या कापड पुन्हा उचल खातं. कॉलरची टोकं, जीनच्या पिशवीच्या कडा, कोटाचा पुढचा काठ या जागा तर हट्टीच. अशा वेळी इस्त्री उचलल्याबरोबर त्या जागेवर ठोकळा ठेवून दहा-वीस सेकंद दाबायचा. कोरडं लाकूड वाफ शोषून घेतं, कापडातली ऊब मात्र पटकन सुटू देत नाही. कापड दाबाखालीच निवतं आणि शिवण सुरीने कापल्यासारखी सपाट बसते. वजनाखेरीज यात काही यंत्र नाही. एकही सांधा नाही, खिळा नाही, डिंक नाही, रंग नाही. खिळा सरळ ठोकता न येणाऱ्या माणसाने करावी अशी याहून चांगली लाकडी वस्तू मला सुचत नाही. त्यांच्याकडे असा ठोकळा आधीच आहे का, तेवढं मशीनच्या खणात गुपचूप बघून घ्या. असला तरी करा, पण आखूड करा. बाह्या आणि कॉलरसाठी लहान ठोकळा वेगळा लागतो.

लाकडाची निवड हा यातला खरा अवघड भाग, त्यामुळे तिथे घाई नको. ठोकळ्यावर तेल, मेण, पॉलिश काहीही लागणार नाही, कारण वाफ लागली की ते कापडावर उतरेल. लाकूड उघडंच राहणार, म्हणून त्याच्या अंगात कापडाला लागेल असं काही नको. सागवान देखणं, पण मुळातच तेलकट. शिसव गडद रंगाचं. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ओलसर टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. पाइनसारख्या मऊ लाकडातून उष्णतेने राळ सुटते. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) तर नकोच, एमडीएफ वाफेने फुगतं. फिक्या रंगाचं, घट्ट विणीचं, गाठ नसलेलं कठीण लाकूड मागा. मॅपल किंवा बीच मिळालं तर डोळे मिटून घ्या. दुसरं काही मिळालं तर आधी परीक्षा करा: पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा लाकडावर ठेवून त्यावर गरम इस्त्री अर्धा मिनिट धरा. कापडावर पिवळट छटा उतरली तर ते लाकूड परत करा.

आणि लाकूड वाळलेलं हवं. उघड्या हवेत लाकूड वाळायला इंचाला वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब असतो. ताजं कापलेलं लाकूड स्वस्तात मिळालं म्हणून उचललंत, तर तारीख यायच्या आत त्याला टोकांकडून चिरा जातील. वाळलेलं आणलंत तरी पहिले आठ-दहा दिवस त्याला हात लावू नका. ज्या घरात ते राहणार, त्या घराची हवा त्याला लागू द्या.

माप साधारण असं: २५ सेंटिमीटर लांब, ६ रुंद, ४ जाड. बीच किंवा मॅपलचा असा ठोकळा चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. दाबायला पुरेसा आणि मनगटाला सोसेल इतका. पण रुंदी त्यांच्या हाताप्रमाणे ठरवा. ठोकळा वरून धरायचा असतो, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं. पट्टी घेऊन हात मोजायला गेलात तर गुपित फुटेल. एखाद्या संध्याकाळी त्यांचा हात हातात घेऊन बसा आणि त्यांची बोटं तुमच्या कुठल्या पेरापर्यंत पोचतात ते ध्यानात ठेवा. नंतर आपलाच हात मोजा.

सुताराकडून दोन तुकडे कापून, चारी बाजूंनी रंधा मारून आणा. दोन्ही एकाच पट्टीतले. एक हात बसवायला, एक द्यायला. यावर तुम्ही विचाराल की रंधा सुताराने मारला, मग ते हातचं कसं? कुंभार माती स्वतः पिकवत नाही आणि तुमच्या पत्नी सूत स्वतः कातत नाहीत. चौरस तुकडा हा कच्चा माल. त्याला हातात बसणारा करायचा आहे तुम्हाला, आणि त्यात तुमच्या पाच-सहा संध्याकाळ सहज जातील.

आधी तळ. जाड काच घ्या, तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चारी बाजूंनी चिकटवा. ठोकळ्याच्या तळावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघोट्या मारा आणि ठोकळा कागदावर लांबीच्या दिशेने घासा. थोड्या वेळाने उलटा करून बघा. जिथल्या रेघा गेल्या तो भाग उंच होता, जिथल्या राहिल्या तो खोलगट. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला. मला ही युक्ती एका वयस्कर सुतारांनी दाखवली तेव्हा इतका आनंद झाला होता! नजर तयार नसली तरी पेन्सिल खरं सांगते. पुढच्या प्रत्येक नंबरला हेच करा: रेघा मारा, त्या जाईपर्यंत घासा, मगच पुढचा कागद. ८०, १२०, १८०, २४०, ३२०. मधला नंबर गाळलात तर आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि मग बारीक कागदाने तासभर घासून जात नाहीत. नेहमी रेषांच्या दिशेने घासा. एकदा आडवा हात पडला की तो ओरखडा शेवटपर्यंत दिसतो.

मग धरायची जागा. दोन्ही लांब बाजूंवर, मधोमध, बोटं रुतायला एकेक पन्हळ काढायची. गोल कानस असेल तर उत्तम. नसेल तर बोटाहून थोड्या जाड दांडक्याला ८० नंबरचा कागद गुंडाळा आणि बाजूवर मागेपुढे चालवा. पाच-सहा मिलिमीटर खोल पुरे. इथे पहिल्या तुकड्यावर मनसोक्त चुका. पन्हळ एका टोकाला खोल जाते, कारण ज्या बाजूने आपण दाबतो तिकडे हात जास्त चालतो. दर वीस-पंचवीस हातांनी ठोकळा उलटा फिरवून धरला की ही खोड जाते. चिमट्याने किंवा क्लॅम्पने तो टेबलाला बांधून घ्या आणि मध्ये कापडाचा तुकडा घाला, नाहीतर लाकडावर दाताचे व्रण उठतात.

वरच्या सगळ्या कडा चांगल्या मोडा, हातात गोटा धरल्यासारखं वाटलं पाहिजे. तळाच्या कडा मात्र नुसत्या बोथट करा. तळाची कड फार गोल झाली तर शिवणीच्या काठावर दाब पडणार नाही. दोन्ही कापलेली टोकं सगळ्यात जास्त वेळ खातात. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, कितीही घासलं तरी खरखरीत लागतात. तिथे धीर धरा, दुसरा उपाय नाही. आणि नाकाला मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा श्वासात जाणं चांगलं नाही, आणि कठीण लाकडाचा तर मुळीच नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वस्तू पहिल्याच आठवड्यात खरखरीत होते. ३२० झाल्यावर लाकूड काचेसारखं लागतं. तेव्हा ओल्या फडक्याने ते सगळीकडून पुसा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी हात फिरवलात तर ते पुन्हा खरखरीत लागेल. घाबरू नका, घासताना चेपलेले तंतू पाण्याने उभे राहिले आहेत. ३२०ने अगदी हलक्या हाताने ते उतरवा. पुन्हा पुसा, वाळवा, उतरवा. असं तीनदा केलंत की पुढे वाफ कितीही लागली तरी तंतू फारसे उठत नाहीत. शोभेच्या वस्तूला एकदा पुरतं. या ठोकळ्याचा जन्मच वाफेत जाणार आहे.

तारीख किंवा नाव घालायचं असेल तर तळावर नको आणि पेन्सिलीने किंवा शाईने तर कुठेच नको, ओलाव्याने उतरेल. कापलेल्या एका टोकावर, तापवलेल्या तारेने किंवा लाकूड डागायच्या पेनने, बारीक अक्षरात. आधी सरावाच्या तुकड्यावर दहा वेळा काढून बघा. टोकाच्या लाकडात अक्षर भराभर काळं होतं, त्यामुळे हात थांबवायचा नाही.

या यादीविषयी दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात तिचं थोडं दडपण दिसलं. पंचविसाव्याला चांदी आणि पन्नासाव्याला सोनं ही जोडी जुनी आहे. मधली बरीचशी वर्षं नंतर भरली गेली. १९३७ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने वाढवलेली यादी काढली, पहिली पंधरा वर्षं एकेक करून आणि पुढे दर पाच वर्षांनी एक. सातव्याला कुठे लोकर लिहिलेली असते, कुठे तांबं. नवव्याला कुठे मातीची भांडी, कुठे विलोच्या झाडाची लवचीक डहाळी. चौदाव्याला हस्तिदंत आहे, आणि ते वर्ष आलं की सरळ दुसरं काही निवडा. १९८९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं आणि ते हत्तींसाठी ठरलं. यादीने हाताला एक सामान सुचवावं, इतकाच तिचा अधिकार. तुम्ही दोघांनी ती पाच वर्षं टिकवलीत हे मला फार आवडलं.

अलीकडे याच विषयावर आणखी काही पत्रं आली आहेत, त्यांनाही इथेच थोडं. कागदाच्या वर्षी वही शिवणार असाल तर आधी कागदाची दिशा ओळखा: दोन्ही बाजूंनी हलकेच दुमडून बघा, ज्या बाजूने तो सहज वळतो ती दिशा पाठीच्या शिवणीला समांतर ठेवा. उलटं झालं तर पानं नीट उघडत नाहीत आणि चिकटवलेला कागद लाटांसारखा उठतो. कागद आम्लरहित घ्या, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडेल. सुती कापड असेल तर कापण्याआधी धुऊन वाळवून घ्या. आटायचं ते आधीच आटू दे.

चामड्याबद्दल मला स्वतःच्या हाताने शिकावं लागलं. आमच्या तिसऱ्या वर्षी मी यांच्यासाठी चष्म्याचं घर शिवलं. एका सुईने, कापड शिवावं तसं, एका बाजूने धागा घालत गेले. दोन महिन्यांनी एक टाका घासून तुटला आणि पाठोपाठ सबंध ओळ उसवली. यांनी ते रबर बँड लावून वापरलं, मला सांगितलं नाही. ते रबर बँड मला दिसलं त्या दिवशी मी चामड्याची शिवण शिकायला बसले. धागा एकच, दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धागा धरून राहतो. धागा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा आणि त्याला मेण चोळायचं. आणि चामडं झाडांच्या सालींवर कमावलेलं घ्या. क्रोमवर कमावलेलं मऊ असतं, पण त्यावर ठसा नीट उठत नाही. सालींवर कमावलेलं हाताच्या स्पर्शाने आणि उजेडाने हळूहळू गडद होत जातं. आमचं ते घर आता जिथे अंगठा बसतो तिथे खारकेच्या रंगाचं झालं आहे.

तुम्ही त्यांच्या कामाशी आपल्या कामाची बरोबरी करता, तिथे मला तुम्हाला थोडं अडवायचं आहे. चांगलं शिवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कामातली मेहनत इतरांपेक्षा जास्त दिसते. तीन संध्याकाळ म्हणजे काय हे त्यांना जितकं कळलं असेल तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. वाटलं तर रुमालाचं एकदा विचारून बघा. माझी खात्री आहे, तो कुठे आहे हे त्यांना दिवा न लावता सांगता येईल.

देताना "फार काही नाही, असंच केलंय" असं म्हणू नका. सात आठवड्यांच्या कामाला असं वाक्य लावलं की समोरचं माणूस आधी तुमची समजूत घालायला लागतं आणि वस्तू बाजूला राहते. वेष्टनाचा खटाटोपही नको. इस्त्रीच्या टेबलावर, इस्त्रीशेजारी ठेवून द्या. त्याआधी एका चिंधीवर तुम्ही स्वतः वापरून बघा. जाड कापडाची शिवण करायला एखाद्या मित्राची मदत घ्या, तिच्यावर वाफ, लगेच ठोकळा, वीस सेकंद. ती सपाट बसलेली शिवण स्वतः बघितली की देताना तुमचा आवाज आपोआप ठाम होईल.

आणि द्यायच्या आदल्या दिवशी एक शेवटची तपासणी. रेशमी किंवा नायलॉनचा पातळ तुकडा घ्या आणि ठोकळ्याच्या तळावरून, कडांवरून, पन्हळीतून सावकाश ओढा. डोळ्याला आणि बोटाला न कळलेलं कूस त्या कापडाला लगेच कळतं. जिथे ते अडकेल तिथे ३२०चा कागद पुन्हा फिरवा.

तुमची ताई